फ्लोट येतं, ग्रिड येत नाही, मग नऊ महिन्यांचा कोर्स करू का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): पत्रलेखक ४४ वर्षांचे. २००५च्या सुमारास वेब डिझाइनमध्ये आले, आता बरीच वर्षं फ्रीलान्स करतायत. काही जुने क्लायंट आहेत, त्यांच्या वर्डप्रेस साइट्स सांभाळतात. काम कधी थांबलं नाही, पण सगळं त्याच जुन्या पद्धतीनं चाललंय: फोटोशॉपमध्ये डिझाइन, मग बूटस्ट्रॅप (तयार सीएसएस-घटकांचा संच), फ्लोट (घटक डावी-उजवीकडे सरकवून मांडणी करायची जुनी पद्धत), जेक्वेरी (जावास्क्रिप्ट सोपं करणारी लायब्ररी). मध्यंतरी एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेले. तिथे समोर बसून कार्डांचं एक साधं लेआउट करायला सांगितलं, यांनी फ्लोट आणि क्लिअरफिक्स (फ्लोटमुळे विस्कटणारी मांडणी सावरायची युक्ती) वापरून करून दाखवलं, ते चाललंही, पण समोरचा मुलगा हसला आणि 'ग्रिड वापरत नाही का तुम्ही?' म्हणाला (ग्रिड म्हणजे ओळी आणि रकाने आखून पान मांडायची सीएसएसमधली नवी सोय). नोकरी मिळाली नाही. आता एक नऊ महिन्यांचा ऑनलाइन प्रोफेशनल सर्टिफिकेट कोर्स समोर आहे, फी बरीच आहे, या महिन्यात नाव घातलं तर सूट मिळतेय. बायको म्हणते करून टाक. एक मित्र म्हणतो यूट्यूबवर सगळं फुकट पडलंय. दुसरा म्हणतो एआय आल्यावर आता वेब डिझाइन शिकून काय करणार. प्रश्न असा: 'मला सगळं पहिल्यापासून शिकायला हवं असं वाटायला लागलंय. या वयात हा कोर्स करू, की फील्डच बदलू?'

नमस्कार,

कोर्सचं नंतर बघू, आधी त्या हसण्याबद्दल बोलू. कारण तुमचं अख्खं पत्र मला त्या एका हसण्यावर उभं राहिलेलं दिसतंय. इंटरव्ह्यूमध्ये आणखी काय विचारलं, पगाराचं बोलणं कुठे अडलं, त्यांना डिझायनर हवा होता की डेव्हलपर, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. एक पोरगा हसला आणि तुम्ही थेट 'सगळं पहिल्यापासून' वर येऊन पोचलात. तो का हसला मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. कदाचित त्यानं क्लिअरफिक्स आयुष्यात पहिल्यांदाच लिहिताना बघितला असेल.

आणि फ्लोट ही काही लाजायची गोष्ट नाहीये हो. १९९६ला सीएसएसची, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेची, पहिली आवृत्ती आली तेव्हापासून ते त्यात आहे आणि आजही आहे. चित्राच्या बाजूनं मजकूर वाहावा यासाठी ते होतं, आपण सगळ्यांनी मिळून त्याच्यावर अख्खी पानं उभी केली कारण तेव्हा दुसरं काही धड नव्हतंच. ग्रिड सगळीकडे एकदम आलं ते २०१७च्या मार्चमध्ये, क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांनीही त्याच महिन्यात सपोर्ट दिला. म्हणजे तुम्ही कामाला सुरुवात केली त्यानंतर बारा वर्षांनी. तोपर्यंत तुम्ही जे करत होतात ते बरोबरच होतं. त्यानंतर मात्र तुम्ही जागचे हलला नाहीत हे खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण का हलला नाहीत? कारण जुन्या साइट्स चालत होत्या, क्लायंट खूश होते, कोणी विचारतच नव्हतं. काम सुटलेल्या माणसाला निदान कळतं की आपण मागे पडतोय. ज्याचं काम चालू असतं त्याला ते फार उशिरा कळतं, तुमचं तसं झालंय.

तर 'पहिल्यापासून' या गोष्टीवर माझा आक्षेप आहे आणि जरा लांबण लावून सांगते, कारण कोर्स घ्यायचा की नाही, कुठला घ्यायचा, किती लांबीचा, हे सगळं यावरच ठरतं.

तुम्हाला जे येत होतं त्यातलं काही मेलंय. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२०ला अधिकृतपणे संपलं, इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) १५ जून २०२२ला निवृत्त झाला, फायरवर्क्स या वेब-ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरचा विकास अडोबीनं २०१३लाच थांबवला होता. आयईच्या जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळी स्टाइलशीट लिहिणं, गोल कोपऱ्यांसाठी चार इमेजेस कापणं, पीएसडी (फोटोशॉपची फाइल) स्लाइस करणं, हे सगळं ज्ञान आता कोणी विचारणार नाही, आणि विसरलात तर बरंच आहे. पण दुसरा भाग बघा. बॉक्स मॉडेल, म्हणजे प्रत्येक घटकाची रुंदी, कड आणि मोकळी जागा मोजायची पद्धत, तेच आहे. कॅस्केड, म्हणजे एकावर एक आलेल्या नियमांतला कुठला चालतो ते ठरणं, तेच आहे, स्पेसिफिसिटीवरून (कुठला नियम जास्त वजनदार) आजही लोक तितकेच वैतागतात. ओळींमधली जागा किती ठेवायची, पानावर डोळा आधी कुठे जायला हवा, बटण कुठे ठेवलं की माणूस दाबतो, क्लायंट 'जरा पॉप होऊ दे' म्हणाला की त्याला नक्की काय हवंय, डोमेन एक्स्पायर झालं आणि रात्री फोन आला की काय करायचं, हे तुम्हाला येतं. नऊ महिन्यांच्या कोर्सवाल्यांना यातलं बरंचसं शिकवता येत नाही, आणि जे येतं ते ते पहिल्या दोन महिन्यांत शिकवतात, म्हणजे नेमकं तुम्हाला ज्याची गरज नाही ते. पक्कं घर बांधून झालेल्या गवंड्याला वीट कशी धरायची हे पैसे घेऊन शिकवण्यातला प्रकार होईल तो.

उरतो तिसरा भाग, जे नवीन आलंय आणि तुमच्याकडे नाहीये. तो मोठा वाटतो कारण तो तुम्हाला एका दिवसात, एका खुर्चीत बसून, एकदम दिसला. पण तो मोजता येण्यासारखा आहे. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की फी भरायच्या आधी तो मोजा.

कसा मोजायचा सांगते. तुमच्या जुन्या साइट्सपैकी एक घ्या, जी तुमची सगळ्यात आवडती होती किंवा सगळ्यात जुनी आहे ती. तिचा कोड उघडायचा नाही. फक्त मजकूर आणि फोटो उचला आणि रिकाम्या फोल्डरमध्ये ती नव्यानं बांधायला घ्या. बूटस्ट्रॅप नाही, जेक्वेरी नाही, विकत घेतलेली थीम नाही, नुसतं एचटीएमएल, सीएसएस आणि गरज पडली तर थोडं जावास्क्रिप्ट. होम पेज, एक आतलं पेज, एक फॉर्म, बास. लेआउट ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्सनंच (घटक एका ओळीत किंवा रकान्यात मांडायची सीएसएसची सोय) करायचं. अडलात की एमडीएन (मोझिलाची वेब भाषांची संदर्भ-साइट) उघडा, तिथे प्रत्येक प्रॉपर्टीचं पान आहे, उदाहरणासकट, फुकट. आणि शेजारी एक वही ठेवा, जिथे जिथे अडलात ते एका ओळीत लिहा. 'हे आठवत नव्हतं' आणि 'हे कधी ऐकलंच नव्हतं' असे दोन कप्पे करा. दोनेक आठवडे द्या याला, जास्त नको.

ही वही म्हणजे तुमचा सिलॅबस. ती हातात असताना कुठल्याही कोर्सचं पान उघडा, तुम्हाला लगेच दिसेल की यातलं किती माझ्यासाठी आहे.

मला वाटतं तुमच्या वहीत साधारण काय निघेल. ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स तर निघेलच, पण ते तुम्ही धरलंय तेवढं अवघड जाणार नाही, ज्यानं फ्लोटशी मारामारी केलीये त्याला ग्रिड कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागत नाही, नवीन मुलांना सांगावं लागतं. मग सीएसएसमधली व्हेरिएबल्स, म्हणजे ब्रँडचा रंग एका जागी लिहून सगळीकडे वापरणं. क्लॅम्प वापरून अक्षरांचा आकार स्क्रीनप्रमाणे आपोआप लहानमोठा होऊ देणं. रिस्पॉन्सिव्हबद्दल तुमची कल्पना बहुतेक २०१०-१२च्या मीडिया क्वेरीजपाशी आहे, की स्क्रीन एवढी झाली की लेआउट बदल. आता कंटेनर क्वेरीज आहेत, २०२३पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतात, त्यात घटक स्क्रीनकडे न बघता आपल्याला किती जागा मिळालीये ते बघतो. तेच कार्ड साइडबारमध्ये उभं दिसतं आणि मधल्या भागात आडवं. तुम्ही हे इतकी वर्षं जास्तीचे क्लास लावून करत आलायत त्यामुळे पहिल्यांदा चाललं की तुम्हाला थोडा रागच येईल, की अरे आधी का नाही दिलं हे. त्याच वर्षी हॅज सिलेक्टरही सगळीकडे आला, म्हणजे आत काय आहे ते बघून बाहेरच्या डब्याला स्टाइल देणं, ज्यासाठी आपण जेक्वेरी ओढून आणायचो.

जेक्वेरीचं म्हणाल तर ती अजून असंख्य साइट्सवर आहे आणि ती येते याची लाज नको. पण तुम्ही तिचा उपयोग ज्यासाठी करत होतात, क्लास लावणं-काढणं, मेनू उघडणं, सर्व्हरवरून डेटा आणणं, ते आता साध्या जावास्क्रिप्टमध्ये तेवढ्याच ओळींत होतं. बूटस्ट्रॅपनं सुद्धा २०२१च्या पाचव्या आवृत्तीत जेक्वेरी काढून टाकली. आणि तुम्ही वर्डप्रेसवाले आहात म्हणून खास: ब्लॉक एडिटर (मजकूर, फोटो वगैरे वेगवेगळ्या ब्लॉक्समध्ये मांडायचा) डिसेंबर २०१८ला, ५.० मध्ये आला, अख्खी साइट ब्लॉक्समध्ये बांधायची सोय जानेवारी २०२२ला ५.९ मध्ये. तुम्ही जुन्या, क्लासिक एडिटरचं प्लगइन टाकून बसला असाल असा माझा अंदाज. ब्लॉक थीम कशी बांधतात हे एकदा करून बघा, कारण तुमचं पोट ज्या क्लायंटवर आहे त्यांचं पुढचं काम त्यातूनच येणार आहे.

फिग्मा (ब्राउझरमध्ये टीमनं मिळून डिझाइन करायचं टूल) येत नसेल तर ते शिकावंच लागेल, यात वाद नाही. फोटोशॉपमध्ये वेब पेज डिझाइन करणं आता टीमबरोबर चालत नाही, लोकांना लिंक हवी असते, त्यावर कमेंट करायची असते, डेव्हलपरला त्यातून मापं घ्यायची असतात. पण फिग्मातले ऑटो लेआउट (आपोआप जुळणारी मांडणी) आणि कंपोनंट्स (पुन्हा वापरायचे तयार घटक) ज्याला फ्लेक्सबॉक्स कळलंय त्याला अर्धे आधीच कळलेले असतात, म्हणून आधी सीएसएस करा आणि मग फिग्मा, उलटं नको. गिटचं (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) रोजच्या वापरापुरतं, म्हणजे कमिट, ब्रँच, पुश, पुल, एवढं पुरेल.

आता एक गोष्ट जी तुमच्या वहीत निघणारच नाही, कारण ती येत नसेल तर माणूस अडत नाही, पान दिसायला छानच दिसतं. अॅक्सेसिबिलिटी, म्हणजे दिसायला-ऐकायला किंवा माउस धरायला अडचण असलेल्यांनाही साइट वापरता येणं. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला विचाराल तर तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं पैसे आणि वेळ घालायचाच तर इथे घालावा. तुम्ही नवीन बांधलेली साइट उघडा, माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅबच्या बटणानं फिरून बघा. आपण आत्ता कुठे आहोत ते दिसतंय का? मेनू उघडतोय का? पॉपअप उघडल्यावर एस्केपनं बंद होतोय का, की माणूस आत अडकला? फॉर्ममध्ये चूक झाली तर ती फक्त लाल रंगानं सांगितलीये की शब्दांतही? फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर लिहिलीयेत का, कारण नियम असा आहे की नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. हे डब्ल्यूसीएजी नावाच्या मार्गदर्शक तत्त्वांतलं आहे, २.० आलं २००८ला, २.१ आलं २०१८ला आणि २.२ ऑक्टोबर २०२३ला. २.२ मध्ये दाबायच्या जागेचं माप सुद्धा दिलंय, निदान २४ बाय २४ पिक्सेल, काही अपवाद सोडून. युरोपियन युनियनमध्ये तर जून २०२५पासून ऑनलाइन दुकानं, बँकिंग अशा बऱ्याच सेवांना अॅक्सेसिबिलिटी कायद्यानंच लागू झालीये, त्यामुळे तिथे माल विकणाऱ्या बाहेरच्या कंपन्याही माणसं शोधतायत. आणि हे काम नवख्यापेक्षा मुरलेल्या माणसाला बरं जमतं असं माझं मत आहे, कारण यात चमकदार काही करायचं नसतं, माणूस पान कसं वापरतो याचा धीरानं विचार करायचा असतो.

एवढी वही भरली की मग कोर्सकडे वळा. तुमचा यूट्यूबवाला मित्र अर्धा बरोबर आहे. माहिती फुकट आहे, अगदी चांगली माहिती, एमडीएन आहे, गूगलचं वेब डॉट डेव्ह आहे, फ्रीकोडकॅम्पचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचा अभ्यासक्रम आहे, प्रोजेक्ट्ससकट. मग फी कशाची भरायची? माझं स्पष्ट मत: व्हिडिओसाठी पैसे देऊ नका, तुमचं काम बघून 'हे इथे का केलंत?' असं विचारणाऱ्या माणसासाठी द्या. तुम्ही फ्रीलान्स आहात, एकटे बसता. इतक्या वर्षांत तुमचा कोड दुसऱ्या कोणी ओळ न् ओळ वाचला असेल असं वाटत नाही, क्लायंट तर वाचत नाहीच. माझ्या मते तुमचं अडलंय ते इथे. त्या कंपनीतल्या पोराचं शिक्षण तुमच्यापेक्षा फार वेगळं नसेल, फरक असा की त्याच्या शेजारी चार जण बसतात आणि रोज त्याच्या चुका काढतात. चांगल्या कोर्समध्ये हे मिळतं, आणि दुसरं म्हणजे तारीख मिळते, शुक्रवारपर्यंत द्यायचं म्हणजे द्यायचं. वाईट कोर्समध्ये फक्त व्हिडिओ मिळतात आणि एक ग्रुप, ज्यात सगळे एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतात.

म्हणून तुमच्या त्या कोर्सवाल्यांना फोन करा आणि विचारा. असाइनमेंट कोण तपासतं, शिकवणारा स्वतः की मागच्या बॅचचा विद्यार्थी, की आपोआप तपासणारा प्रोग्रॅम? एका बॅचमध्ये किती जण? लेखी अभिप्राय मिळतो का, त्याचा एक नमुना दाखवता का? लाइव्ह म्हणताय ते खरंच लाइव्ह आहे की रेकॉर्डिंग लावून शेवटी दहा मिनिटं शंका? एक क्लास बसून बघू देता का? शिकवणारा माणूस सध्या स्वतः साइट्स बांधतो का? सिलॅबसमध्ये अॅक्सेसिबिलिटी शेवटच्या आठवड्यात एका लेक्चरपुरती असेल तर समजा की बांधणाऱ्यांच्या डोक्यातच ती नाही, पान बांधायच्या पहिल्या दिवसापासून ती बरोबर यायला हवी. सिलॅबसवर टूल्सची नावं फार आणि तत्त्वं कमी असतील तर जरा सांभाळून, अडोबी एक्सडी (फिग्मासारखंच डिझाइनचं टूल) शिकवणारे कोर्स कितीतरी होते आणि २०२३ला अडोबीनं त्याचा पुढचा विकासच थांबवला. मग त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट्स मागा, तीन-चार उघडा. सगळ्यांचं तेच एक कॉफी शॉपचं पान असेल, फक्त रंग वेगळे, तर तुमचाही पोर्टफोलिओ तसाच होणार. शक्य झालं तर वर्षापूर्वी कोर्स संपवलेल्या कोणाशी तरी बोला, संस्थेनं दिलेल्या नावाशी नाही, तुम्ही स्वतः शोधलेल्या. आणि मध्ये सोडलं तर पैसे किती परत मिळतात हे लेखी घ्या. 'प्लेसमेंटला मदत' म्हणजे ते नक्की काय करतात, रिझ्युमे बघून देतात की कोणाशी गाठ घालून देतात, तेही लेखीच घ्या.

सर्टिफिकेटचं. वेब डिझायनर व्हायला कुठलाही परवाना लागत नाही, आणि पोर्टफोलिओ बघताना मी आजवर सर्टिफिकेटच्या ओळीवर थांबलेले नाही, लिंक उघडते आणि फोनवर कशी दिसते ते बघते. माझ्यासारखे बरेच जण असतील. ज्या कंपन्यांत एचआरची गाळणी असते तिथे कागदाचा थोडाफार उपयोग होतो हेही खरं, विशेषतः तुमच्या रिझ्युमेत अलीकडचं काहीच नसेल तर 'हा माणूस शिकतोय' एवढं त्यातून कळतं. पण तेवढ्यासाठी नऊ महिने जरा जास्तच झाले. कागद हवाच असेल तर अॅक्सेसिबिलिटीमध्ये आयएएपी ही संस्था परीक्षा घेते, सीपीएसीसी आणि डब्ल्यूएएस नावाच्या, त्या क्षेत्रात त्यांना ओळख आहे. ते आत्ताच करा असं नाही म्हणत, वर्षभरानंतरचं बघा.

मग नऊ महिने कोणी करावेत? ज्याला एकट्यानं काहीच पूर्ण होत नाही हे स्वतःबद्दल पक्कं माहीत आहे त्यानं. ज्याला डिझाइन सोडून पूर्ण वेळ फ्रंटएंड डेव्हलपर (साइटचा दिसणारा भाग कोडमध्ये बांधणारा) व्हायचंय, रिअॅक्ट वगैरे, त्यानं, कारण तो वेगळाच डोंगर आहे आणि तिथे सोबत असलेली बरी. ज्याची फी ऑफिस भरतंय त्यानं तर नक्कीच. तुम्ही यात बसत नाही असं पत्रावरून दिसतंय. तुमच्यासाठी मी सुचवीन एखादा सहा ते दहा आठवड्यांचा, एकाच विषयाचा, छोट्या बॅचचा कोर्स, आधुनिक सीएसएस किंवा अॅक्सेसिबिलिटी, ज्यात कामाचा रिव्ह्यू होतो. तसा नाही मिळाला तर एखाद्या काम करणाऱ्या सिनियर माणसाला तासाचे पैसे देऊन तुमची ती नव्यानं बांधलेली साइट महिन्यातून दोनदा दाखवा. हे फार कमी लोक करतात, का कोण जाणे, लाज वाटते बहुतेक. फीच्या मानानं मिळतं मात्र भरपूर.

एआयवाल्या मित्राला सांगा की त्याचंही थोडंफार बरोबर आहे. एक लँडिंग पेज आता कोणीही सांगून करून घेऊ शकतो, आणि तुमच्याकडे त्या दर्जाचं छोटं काम येत असेल तर ते कमी होणार, ते धरूनच चाला. पण ते जे पान बनवून देतं ते उघडून वाचलंयत का कधी? बटणाच्या जागी नुसता डिव्ह (एचटीएमएलमधला साधा डबा), त्याला क्लिक लावलेलं, कीबोर्डनं पोचताच येत नाही, हेडिंग्ज आकार बघून टाकलेली, अल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) 'इमेज' एवढंच. दर वेळी असंच होतं असं नाही, पण कधी झालंय आणि कधी नाही हे ओळखायला कोड वाचता यायला लागतो. शिकताना मात्र माझा एक हट्ट आहे, पहिला ड्राफ्ट हातानं. मग एआयला दाखवा, चुका काढायला सांगा, त्याचं म्हणणं खरं आहे का ते एमडीएनवर पडताळा. उलट क्रमानं केलंत तर साइट तयार होईल आणि वही कोरीच राहील.

आता तुमच्या हातात असलेली एक गोष्ट जिच्याकडे तुमचं लक्षच नाहीये: ते जुने क्लायंट. नवख्यांना सरावासाठी खोटे प्रोजेक्ट शोधावे लागतात, तुमच्याकडे खऱ्या, चालू, म्हाताऱ्या झालेल्या साइट्स आहेत. त्यातली एक पेजस्पीड इनसाइट्समध्ये (साइटचा वेग तपासणारं गूगलचं टूल) टाका. गूगलनं चांगल्याची हद्द दिलीये, पानातला मुख्य घटक २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, काही दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद हवा, आणि पान लोड होताना मजकूर उड्या मारण्याचा आकडा ०.१च्या आत. तुमची साइट बहुतेक पहिल्यातच नापास होईल, वरच्या त्या मोठ्या स्लायडरमुळे. तो स्लायडर काढा (तसेही दुसऱ्या फोटोपर्यंत किती जण थांबतात), इमेजेस वेबपी किंवा एव्हीआयएफमध्ये (फाइल लहान ठेवणारे नवे फॉरमॅट) द्या, प्रत्येकीला रुंदी-उंची लिहा, खालच्या इमेजेस लेझी लोड करा (म्हणजे तिथवर पोचल्यावरच लोड होतील), नको ती प्लगइन्स बंद करा. आधी स्टेजिंगवर (चाचणीची प्रत), बॅकअप घेऊन, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. क्लायंटला आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवा आणि याचे रीतसर पैसे लावा, फुकट करू नका. शिकण्याचे पैसे मिळतायत, यापेक्षा चांगला कोर्स कुठला.

आणि हेच तुमच्या पोर्टफोलिओत जातं. पंधरा साइट्सचे स्क्रीनशॉट काढून टाका. तीन कामं ठेवा, प्रत्येकाखाली अडचण काय होती, काय बदललं, का बदललं, आकडे काय आले, साध्या भाषेत. पुढच्या वेळी कोणी ग्रिडचं विचारलं तर तुमच्याकडे सांगायला असेल की हे पान आधी मी फ्लोटवर बांधलं होतं, आता ग्रिडवर आहे, सीएसएस एवढं कमी झालं, आणि या एका ठिकाणी मी मुद्दाम फ्लोटच ठेवलंय, फोटोभोवती मजकूर वाहतो तिथे. असं उत्तर देणाऱ्याला मी तरी आत घेईन.

अशीच पत्रं अधूनमधून येतात म्हणून इतरांसाठीही दोन शब्द. मुलांसाठी किंवा आजारपणासाठी मध्ये काही वर्षं काम सुटलेल्यांनी हीच वहीची परीक्षा द्यावी, फक्त आठवडे थोडे जास्त द्या आणि पहिल्या चार दिवसांवरून निष्कर्ष काढू नका, हात बसायला वेळ लागतो. प्रिंटमधून येणाऱ्यांना टायपोग्राफी येते, त्यांना सोडायला लागतो तो कागदाचा ठरलेला आकार, तर त्यांनी डिझाइनच्या आधी एचटीएमएल करावं. बॅकएंडवाल्यांना (सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहिणाऱ्यांना) बहुतेक उलट, कोड येतो, नजर तयार नसते, त्यांनी सीएसएसच्या कोर्सऐवजी टायपोग्राफी आणि लेआउटचा घ्यावा.

वयाचं मी मुद्दाम काही लिहिलं नाही. ४४व्या वर्षी ग्रिड शिकायला जास्त वेळ लागतो असं मला कुठेच दिसलेलं नाही. वेळ काढणं मात्र अवघड जातं, ते खरंय. आठवड्याचे सहा-सात तास ठरवा, शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळी क्लायंटचे फोन येतात आणि मग ते तास गेलेच म्हणून समजा. बायकोला सांगा की कोर्स करणारच आहे, पण दोन महिन्यांनी, आणि बहुतेक हा नाही. फील्ड बदलायचं तेव्हाच बघा.

राहिली ती या महिन्यातली सूट. ती पुढच्या बॅचला बहुतेक परत असते, वेगळ्या नावानं असेल कदाचित. हप्त्यांवर तर घेऊच नका. आधी त्यांना एवढंच विचारा की असाइनमेंट कोण तपासतं आणि तपासलेली एखादी बघायला मिळेल का, नाव झाकून दिली तरी चालेल. ती पाठवली तर वाचा आणि मला परत लिहा, त्या कोर्सबद्दल माझं मत बदलू शकतं.